मनातला सवाल

सकाळच्या चहात साखर होती. काळूरामने घोट तोंडातच धरला आणि कपात बघितलं. कप नेहमीचा, कानतुटका. डायबेटिसचा रिपोर्ट आल्यापासून या घरात त्याच्या चहात साखर पडलेली नव्हती. सुरुवातीला त्याने भांडून पाहिलं, मग चोरून पाहिलं, आणि शेवटी त्या पेयाला चहा म्हणायचंच सोडून दिलं. सकाळी उठल्यावर काहीतरी गरम प्यायचं असतं, ते तो प्यायचा. आणि आज हे अचानक गोड. चुकून पडलेली साखर तळाशी बसते. ही नीट ढवळलेली होती. सीताबाई ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून भाकरी थापत होती आणि तिची पाठ हलकी दिसत होती. पाठ हलकी दिसते म्हणजे नेमकं काय, हे काळूरामला कोर्टात सांगता आलं नसतं, पण लग्नापासून बघत आलेली पाठ होती ती. त्याने घोट गिळला. मग त्याला आठवलं, काल सांजेला गच्चीवर सीताबाई आपल्याशी पुष्कळ वेळ काहीतरी बोलत होती, आणि शेवटी आपण मान हलवली होती. आपण कशाला हो म्हटलं, ते त्याला माहीत नव्हतं.

खरं तर घाबरायला हवं होतं. पण भीती आत कुठेतरी, मुंग्या आलेल्या पायासारखी, आपली असून आपली नसल्यासारखी पडून राहिली. गेले काही महिने त्याचं सगळंच असं झालं होतं. बहिरा म्हणावा तर तो बहिरा नव्हता. कुकरची शिट्टी त्याला ऐकू यायची, रिक्षाचा हॉर्न यायचा, मशिदीची बांग आणि गावदेवीच्या देवळातला लाउडस्पीकर, दोन्ही यायचे. माणसं बोलायची तेही यायचं. फक्त त्याचे शब्द व्हायचे नाहीत. समोरच्याच्या तोंडातून आवाज निघायचा, कानापर्यंत नीट यायचा, आणि उंबऱ्यावर येऊन पीठ व्हायचा. चहा, जेवण, आंघोळ, औषध असे ओळखीचे शब्द ओळखीच्या वेळी आले तर घरात शिरत. नवखे दारातूनच परत जात. भावेशने, म्हणजे मुलाने, ठाण्याच्या मोठ्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने कानाला डबे लावले, बटणं दाबायला लावली आणि मग काळूरामला नेमकं काय झालंय ते अर्धा तास बोलून समजावून सांगितलं. काळूरामने मान हलवली. घरी आल्यावर भावेशने शेजारच्या खोलीतून व्हॉट्सॲप केला: ‘पप्पा आवाज येतो पण शब्द येत नाय. लूममुळे नस गेली. मशीन बसवू. टेन्शन नको.’ तेव्हापासून मुलगा त्याच्याशी व्हॉट्सॲपवरच बोलायचा, सून दिशाही, आणि काळूरामला ते बरं वाटायचं. उलट, पूर्वी कधी बोलला नसेल इतका भावेश आता बापाशी बोलत होता. एकट्या सीताबाईचं व्हॉट्सॲप नव्हतं. ती चौथीत शाळा सोडून भात लावायला गेली होती, आणि तिचा फोन हिरवं बटण दाबण्यापुरता होता. तिला जे सांगायचं ते तोंडानेच सांगावं लागायचं.

नस लूममुळे गेली हे काळूरामला पटत नव्हतं. कामतघरच्या त्याच्या शेडमध्ये लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, दोन ओळी अहोरात्र चालायच्या, आणि त्या खटाखटीत त्याला जेवढं कळलं तेवढं जन्मात कुठे कळलं नव्हतं. शेडमध्ये कान घेऊन कोणी जातच नाही. तिथे माणसाचं तोंड वाचायचं, बोटं वाचायची, भुवया वाचायच्या. दोन बोटांची चिमूट म्हणजे धागा तुटला. मनगट उलटं म्हणजे बीम, ताण्याच्या सुताचा रूळ, संपला. आझमगडचा कारागीर ओळीच्या त्या टोकाला उभा राहून नुसते ओठ हलवायचा, आणि त्याच्या बायकोला गावाकडे मुलगी झाली, तो नाराज नाही पण त्याची आई नाराज आहे, एवढं सगळं काळूरामला या टोकाला समजायचं. आणि मग तो मान हलवायचा. शेठची ती मान म्हणजे होकार नव्हे. हे शेडमध्ये झाडूवाल्यालाही ठाऊक होतं. मान म्हणजे पोचलं. तुझं बोलणं माझ्यापर्यंत आलं, आता कामाला लाग. होकार असला तर शेठ हात वर करायचा, नकार असला तर पाठ फिरवायचा. अशी साधी, कुणाचं नुकसान न करणारी पद्धत होती. पुढे धंदा बसला, लूम गॅस कटरने कापून भंगारात गेले, शेडमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांचं गोदाम आलं. शेठ घरी आला, आणि येताना ती मान बरोबर घेऊन आला.

घरात कुणाला ती पद्धत माहीत नव्हती. घरी मान हलवली की माणसं हो समजतात. त्यामुळे शब्द कळेनासे झाल्यापासून काळूराम हा आगरी समाजातला सगळ्यांत मनमिळाऊ सासरा झाला होता. त्याने मान हलवली आणि हॉलला फॉल्स सीलिंग झालं. पुन्हा हलवली आणि घराला बाहेरून पिस्ता रंग लागला. रंगारी शिडी घेऊन आला तेव्हा काळूरामला वाटलं होतं पत्ता चुकला. लेक क्षितिजा डोंबिवलीहून आली, डोळे मोठे करून काहीतरी बोलली, त्याने मान हलवली, आणि तिने त्याला मिठी मारली. पुढच्या रविवारी समजलं की ती नोकरी सोडून केक बनवणार आहे आणि पप्पांनी परवानगी दिली आहे. या सगळ्यात त्याचं काही बिघडलं नव्हतं. सीलिंग चांगलं होतं. केकही बरे होते, जेवढे तो चोरून खायचा तेवढे. आपण काय कबूल केलं हे पंधरा दिवसांनी वस्तू घरात आल्यावर कळायचं, आणि तोपर्यंत नाराज व्हायची वेळ निघून गेलेली असायची.

पण कालचं तसं नव्हतं. काल सीताबाई गच्चीवर भिजवलेले वाल सोलत बसली होती, तो खुर्चीत. समोर गोदामांचे पत्रे उन्हात तापून आता निवत होते. तिने बोलायला सुरुवात केली तेव्हा त्याला वाटलं, वालाबद्दल असेल. मग ती थांबेना. ती त्याच्याकडे बघत नव्हती, वालाकडे बघत होती, म्हणून ओठही नीट दिसत नव्हते; नुसता आवाज येत होता, एका उंचीचा, खाली न येणारा आणि वर न जाणारा. मध्ये एकदा तिची बोटं थांबली आणि आवाज चालू राहिला. मध्ये एकदा आवाज थांबला आणि बोटं चालू राहिली. त्याला तेव्हाच सांगता आलं असतं, की अगो, मला काही कळत नाही. पण ते सांगायची जागा पहिल्या दोन वाक्यांत असते. ती एकदा निघून गेली की माणूस श्रोता होऊन बसतो. शेवटी तिने वर बघितलं. डोळ्यांत बघितलं, आणि ओठ मिटून थांबली. काहीतरी द्यायला हवं होतं. त्याने मान हलवली. सीताबाईने पदर तोंडावर धरला, तिचे खांदे हलले. रडत होती का हसत होती, पदरामुळे समजलं नाही. मग तिने टोपली उचलली आणि खाली गेली. आणि सकाळी साखर.

दिवसभर तो त्या साखरेभोवती फिरत राहिला. ताटात बोंबलाचा मधला तुकडा आला, जो इतकी वर्षं भावेशच्या ताटात जायचा. तो झोपला तर तिने पंख्याचा वेग कमी केला. कुठे जायची तयारी दिसत नव्हती, कपाटं जागच्या जागी होती. म्हणजे निघून वगैरे जाणार नव्हती. या वयात माणूस जातो कुठे, आणि जायचं असलं तर नवऱ्याला वाल सोलत सांगतो का? मग काय असेल? त्याला भावेशच्या आधीचं बाळ आठवलं, जे बघायला मिळालंच नाही. त्या दिवशी शेडमध्ये नवा बीम चढत होता आणि सासऱ्यांचा निरोप घेऊन आलेल्या माणसाला त्याने ओळीच्या टोकावरून मान हलवून दाखवली होती. पोचलं. तो माणूस परत गेला. काळूराम संध्याकाळी गेला तेव्हा सगळं उरकलं होतं, आणि सीताबाई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. ती पाठ जड होती. नंतर ती तिथेच माहेरी, अंबाडीकडच्या गावात, पावसाळाभर राहिली, आणि परत आली तेव्हा भात काढणीला आलं होतं. त्या पावसाळ्यात तिकडे काय झालं, ती कुणाशी बोलली, काय ठरवून परत आली, हे त्याने विचारलं नव्हतं. विचारायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं. शेडमध्ये काम होतं. काल ती त्याबद्दल बोलली असेल? की एखाद्या माणसाबद्दल? की आपण कधी केलेल्या, आपल्याला आठवतही नसलेल्या गोष्टीबद्दल, जी तिने काल माफ केली? की आपल्याकडून माफ करून घेतली? या प्रत्येक विचाराशी त्याने थोडा वेळ बसून पाहिलं. दुखतंय का ते बोटाने दाबून पाहावं तसं. कुठेच दुखलं नाही. दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गालावर चापट मारली तरी आपली वाटत नाही, तसं काहीसं. फक्त एक गोष्ट त्याला स्वच्छ कळत होती: आता विचारलं, तर कालची मान खोटी ठरेल. साखर बंद होईल, ते एक. आणि ती पाठ पुन्हा पहिल्यासारखी होईल, ते दुसरं. दुसऱ्याचा विचार तो पहिल्याच्या आड उभा राहून करत होता.

त्याच आठवड्यात ठकुबाई आली. ठकुबाई काळूरामची थोरली बहीण, आणि गावात तिचा आवाज असा, की काळूरामलाही निम्मं कळायचं. तिने आल्या आल्या निदान केलं.

“नस न्हाय, काय न्हाय. देवाचा राहिलाय काहीतरी. तुमी लूम कापलेव, तवा नारल तरी फोडलाव का?”

भावेश मोबाइलमधून वर न बघता म्हणाला, “आत्या, भंगारवाल्याच्या ट्रकसमोर कोन नारळ फोडतं?”

“तेच तं बोलतंय. फोडला नाय ना? मंग.” आणि ती सीताबाईकडे वळली. “तुज्या माहेराकडं विठू भगत हाय ना गो? तांदूल बघतो तो? त्याच्याकडं ने याला. मशीन बसवतान! कानात मशीन घालून देव आयकू येतो काय?”

“पप्पा, ह्या जमान्यात कोन भगताकडे जातं,” असा भावेशचा मेसेज काळूरामच्या खिशात थरथरला. लगेच दुसरा आला: “जायचं तर जावा. पण मशीन सोमवारी येनार आहे.”

काळूरामने विठू भगताचं नाव ऐकलं होतं. सासुरवाडीच्या बायका सांगायच्या, विठू दोन सवाल घेतो. एक तोंडाने सांगायचा, एक मनात धरायचा. मनातला कुणाला सांगायचा नाही, भगतालाही नाही, दाणे सांगतात. काळूराम आयुष्यात देवाकडे व्यवहारापलीकडे गेला नव्हता, पण ही सोय त्याला फार सभ्य वाटली. ज्या गोष्टीबद्दल बायकोला विचारता येत नाही, ती बायकोसमोर बसून, बायकोला न कळता विचारता येणार होती. त्याने हात वर केला. खोलीत कुणालाच त्याचा अर्थ कळला नाही, म्हणून मग त्याला तोंडाने सांगावं लागलं, “जाव.”

घरचे तांदूळ रात्रभर उशाखाली ठेवायचे असतात. सीताबाईने ते फडक्यात बांधले, त्याच्यावरून उतरवले आणि उशीखाली सरकवले, आणि त्याने रात्रभर त्या गाठीवर डोकं ठेवून मनातला सवाल घासूनपुसून पाहिला. सकाळी दोघं वाड्याला जाणाऱ्या एस.टी.ने निघाली. खिडकीतून गोदामं, गोदामं आणि गोदामं. पूर्वी इथे भात व्हायचं, आता खोकी होतात. सीताबाई मध्ये मध्ये बोट दाखवून काहीतरी बोलत होती. माहेरचा रस्ता होता तिच्या. तिच्या बोटाच्या टोकाला कधी एखादं झाड असायचं, कधी झाड होतं ती जागा. तो मान हलवत नव्हता. मान धरून ठेवणं म्हणजे काय, हे त्याला त्या प्रवासात कळलं. मानेला सवय असते, ती खड्ड्याचं निमित्त करून हलतेच. अंबाडीच्या नाक्यावर उतरून रिक्षा केली, आणि डांबर संपलं तिथे विठू भगताचं घर होतं.

भगत म्हणजे काळूरामच्या डोक्यात जटा, शेंदूर वगैरे होतं. विठू पन्नाशीचा, सिमेंट कंपनीने फुकट वाटलेला टी-शर्ट घातलेला माणूस निघाला. देवीच्या शेजारीच त्याचा मोबाइल चार्जिंगला लावलेला होता. ओसरीवर आधीची चार-दोन माणसं बसली होती. विठू खाली मान घालून, मिशीतल्या मिशीत, पुटपुटत बोलत होता; आणि बसलेली सगळी माणसं पुढे वाकून, भुवया आखडून, काही न कळता गंभीरपणे माना हलवत होती. काळूरामला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. इथे सगळेच त्याच्यासारखे होते. एक बाई तर इतक्या सफाईने मान हलवत होती, की तिला शेड चालवता आली असती.

त्यांची पाळी आली. सीताबाईने गाठ सोडून तांदूळ सुपात ओतले आणि तोंडाचा सवाल सांगितला. काळूरामच्या कानाकडे हात केला, म्हणजे तोच असणार. विठूने तांदूळ पसरले, डोळे मिटले, चिमूटभर दाणे उचलून सुपाच्या कोपऱ्यात ठेवले आणि दोन-दोनच्या जोड्या लावत बाजूला सारू लागला. बोटं स्वच्छ, न थांबणारी. काळूरामला ती बोटं कळत होती. काहीतरी ठरलं, विठू सीताबाईशी पुटपुटला, सीताबाईने दोनदा पुन्हा विचारून घेतलं. मग विठूने काळूरामकडे बघितलं आणि छातीला बोट लावलं. मनातला धरा.

काळूरामने धरला. रात्रभर घासलेला सवाल होता: ती काय बोलली? तो धरल्यावर, आणि विठूची चिमूट दाण्यांकडे जाताना बघितल्यावर, त्याच्या ध्यानात आलं की घोटाळा झाला आहे. दाण्यांची एक तर जोडी लागते, नाही तर एक दाणा उरतो. देवी एवढंच सांगते. हो किंवा नाही. तो एवढा लांब, एस.टी.ने, उशाखालचे तांदूळ घेऊन आला, आणि देवीलाही त्याच्यासारखं मान हलवण्यापलीकडे काही येत नव्हतं. त्याने घाईघाईने सवाल बदलला. वाईट होतं का? पण वाईट कुणासाठी? मग, त्या पावसाळ्याबद्दल होतं का? हे विचारायला त्याला देवीसमोरही धीर झाला नाही. चिमूट सुपाच्या कोपऱ्यात आली. शेवटच्या क्षणी त्याने धरलं: विचारू का तिला?

जोड्या लागत गेल्या. दोन, दोन, दोन. शेवटी एक दाणा उरला. लांबट, घरच्याच तांदळाचा, एक टोक किंचित तुटलेला. विठूने तो बोटाच्या पेरावर घेऊन काळूरामला दाखवला आणि पुटपुटला. आणि काळूराम त्या दाण्याकडे बघत राहिला, कारण उरलेला दाणा म्हणजे हो की नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. तसं सांगितलं होतं आत्ताच विठूने. शब्दांत.

बाहेर आल्यावर त्याने सीताबाईला विचारलं, “काय बोल्ला?”

ती थांबली, त्याच्या समोर आली, आणि ओंजळ करून कानावर पाणी घातल्यासारखं दाखवलं. “ऊन पानी. अकलोलीचा. कानाव घाला बोल्ला.”

“आनि दुसरा?”

तिने एक बोट वर केलं. एक दाणा.

“म्हंजे हो का न्हाय?”

सीताबाईने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. मग खांदे उडवले आणि रिक्षावाल्याला हाक मारली. त्या खांदे उडवण्यात, तुमचा सवाल, तुम्हालाच ठाऊक, असं काहीतरी होतं. किंवा ऊन फार झालंय, असं.

अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर दुपारची गर्दी नव्हती. गंधकाचा वास, ओल्या पायऱ्या, सांधे शेकत बसलेली म्हातारी माणसं. पलीकडच्या कुंडात एक बाप्या गळ्यापर्यंत पाण्यात बसून फोनवर कुणाला तरी जमिनीचा भाव सांगत होता. त्यांनी कमी कढत पाण्याचं कुंड धरलं आणि कडेच्या पायरीवर पाय सोडून बसले. सीताबाईने साडी पोटरीपर्यंत सावरली. इथे ती लहानपणी यायची असणार. पाण्यात पाय घालताना ती बिचकली नाही, आणि तो बिचकला. तिने ओंजळीत पाणी घेतलं, जरा निवू दिलं, त्याचं डोकं मांडीकडे कलवलं आणि कानात थेंब थेंब सोडलं. कोमट पाणी आत शिरलं आणि सगळं जग एकदम मडक्यात गेलं. कितीतरी वर्षांत तिने त्याला इतक्या जवळून धरलं नव्हतं. त्याला भरून यावं असा हा प्रसंग होता, हे त्याला कळत होतं; प्रसंग कळत होता, भरून येत नव्हतं. तिने दुसरा कान केला. पाणी बाहेर आलं, मानेवरून सदऱ्यात गेलं. तो सरळ बसला, आणि पाण्यात, आपल्या पायांच्या शेजारी तिचे पाय होते, ते पाण्यामुळे तुटल्यासारखे, घोट्यापाशी थोडे सरकलेले दिसत होते, त्यांच्याकडे बघून तो बोलला.

“त्या सांजेला, गच्चीव, तू बोल्लीस ना. मना काय पन कललां न्हाय.”

आता काहीतरी होईल असं त्याला वाटलं. ती उठेल. किंवा पदर तोंडाला लावेल, आणि या वेळी काय ते स्पष्ट दिसेल. पलीकडचा बाप्या फोनवर हसत होता. सीताबाईने पाण्यातला एक पाय दुसऱ्यावर घासला.

“मना ठाव होता,” ती म्हणाली.

वाक्य आलं, आणि आख्खं आलं. पीठ झालं नाही. कित्येक महिन्यांत असं नवखं, कुणी न सुचवलेलं वाक्य त्याच्याकडे एकाही शब्दाची पडझड न होता आलं नव्हतं. त्याने चमकून तिच्या तोंडाकडे बघितलं. तिचं तोंड शांत होतं.

“मंग? मंग कशाला बोल्लीस?”

“तवाच तं बोल्ले.”

हेही आलं. त्याने ते कानात फिरवून पाहिलं. तवाच तं बोल्ले. म्हणजे त्याला कळत नव्हतं, म्हणूनच. ती इतकी वर्षं तोंड असलेली बाई, आणि ऐकणारा मिळायला नवऱ्याची नस जावी लागली. त्या बिनशब्दांच्या माणसासमोर तिने ते सगळं बाहेर काढून ठेवलं, वालाच्या सालांसारखं, आणि त्याने मान हलवली, आणि ती हलकी झाली. साखर त्याच्या होकाराची नव्हतीच. ती तिच्या स्वतःच्या आनंदाची होती, त्याच्या कपात सांडलेली. यावर राग यावा की हसू, हे त्याने थोडा वेळ बघितलं, आणि दोन्हीपैकी जे आधी येईल ते घ्यायचं ठरवून तो थांबला. आलं ते भलतंच. सुईची बधिरता उतरताना गाल आधी नुसता जड होतो, अजून दुखत नाही, तसं काहीसं बरगड्यांच्या आत झालं.

“परत बोल,” तो म्हणाला.

सीताबाईने मान नकारार्थी हलवली. “नको.”

“का?”

“आता तुमाना कलंल.”

तिने ते साधेपणाने सांगितलं, आजारी माणसाला ताक नको सांगावं तसं. आणि तिच्या चेहऱ्यावर त्याला एक भीती दिसली. त्याच्याबद्दलची नव्हे, त्याच्या कानांबद्दलची. सोमवारी मशीन येणार होतं. पाणी आताच आत गेलं होतं. दोन वाक्यं त्याला कळली होती, हे तिच्याही लक्षात आलं होतं. जे काही तिच्या आत होतं, त्याला बाहेर पडायला आयुष्यात एकदाच दार उघडं मिळालं होतं आणि आता ते बंद व्हायला लागलं होतं, आणि अजून सगळं बाहेर आलेलं नव्हतं, हे तिच्या हातांकडे बघून त्याला समजलं. हात मांडीवर होते, रिकामे, आणि काहीतरी सोलत होते.

विचारून घ्यायची हीच वेळ होती. दामटून विचारलं असतं तर तिने सांगितलंही असतं. कान आज बरे होते. तो बाळाचं बोलला असता, पावसाळ्याचं बोलला असता, आणि तिला हो किंवा नाही म्हणावंच लागलं असतं.

“न्हाय कलनार,” तो म्हणाला. “बोल तू.”

आणि तो पाय पाण्यातच ठेवून पायरीवर बसल्या बसल्या फिरला. तिच्याकडे पाठ करून, कुंडाच्या भिंतीकडे तोंड केलं, म्हणजे ओठ दिसायला नकोत. भिंतीवर कुणीतरी खिळ्याने दोन नावं कोरली होती आणि शेवाळ्याने त्यातलं एक खाल्लं होतं. मग तिचा आवाज सुरू झाला. एका उंचीचा, खाली न येणारा, वर न जाणारा. तो पाठीवर पडत होता, ओंजळीतून सोडल्यासारखा, आणि काळूराम त्याचे शब्द होऊ देत नव्हता. एखादा शब्द जवळ आल्यासारखा वाटला की तो भिंतीवरचं उरलेलं नाव वाचायचा. आवाज एकदा अडखळला, पुन्हा लागला. मग त्यात हुंदका होता की हसू, ते या वेळी पदर नसूनही त्याला सांगता आलं नसतं, कारण तो बघत नव्हता. आणि मग एक शब्द आलाच. एकटा, स्वच्छ, कडेपर्यंत. पुढच्या क्षणी तो त्याला समजला असता, आणि त्याच्यामागून बाकीचे सगळे ओळखीने आत आले असते.

काळूरामने पाण्यात खळखळाट करत जोराने पाय हलवले.